पांढऱ्या मोहरीचा पहारा

संध्याकाळी आंघोळीला बसलेल्या रेवणप्पाने कमरेकडे पाहिलं आणि हातातला तांब्या खाली ठेवला. डाव्या बाजूला रुपयाएवढा लालभडक डाग उठला होता. बोट लावलं तर चटका बसला.

"म्हाळसा, इकडं ये. हे काय उठलंय बघ."

बायकोने पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. मुंगी नाही, गांधीलमाशी नाही, मग डाग आला कुठून? या मुलखात अंगावर आपोआप डाग उठले की लोक डॉक्टरच्या आधी भानामतीची आठवण काढतात. दोघांनाही ती आली, पण तिन्हीसांजेला असलं नाव घेऊ नये म्हणून दोघंही गप्प बसले.

करणी कोणाची, हेही त्यांना ठाऊक होतं. म्हणजे तसं त्यांना वाटत होतं. रेवणप्पा आणि काशप्पा आपल्या गावाहून, जनवाड्याहून, एकाच मोटरसायकलवर जवळच्या कोळारच्या गोदामात जात, पोती उचलत आणि एका डब्यात जेवत. मग मालकाने रेवणप्पाला मुकादम केलं आणि काशप्पा त्याला 'साहेब' म्हणू लागला. त्याने शिवी घातली असती तर रेवणप्पा एवढा घाबरला नसता.

खरं तर म्हाळसाने बंदोबस्त आधीच करून ठेवला होता. मुकादमकी मिळाली त्याच दिवशी ती राजूबाईकडे गेली. राजूबाई गाणगापूरहून अंगारा, गंडे आणि पांढरी मोहरी आणून विकायची.

"काळी मोहरी फोडणीला, पांढरी पहाऱ्याला," राजूबाई म्हणाली. "जरा भरड आन त्येच्या पॅन्टीच्या कमरेच्या शिवणीत घाल. वासानं बाहेरचं काई जवळ येत न्हाई. पर त्येला सांगू नकू. ज्येच्यासाठी बांधलं त्येला कळलं की गुण गेला."

म्हाळसाने तसंच केलं. मुकादम झाला तरी रेवणप्पाची पोती उचलायची खोड गेली नव्हती. तो रोज कमरेला पट्टा आवळायचा आणि पोती उचलून घामाने निथळायचा.

डाग पाहून ती पुन्हा राजूबाईकडे पळाली.

"करणी भारी दिसती," राजूबाई म्हणाली. "मोहरी वाढव."

म्हाळसाने मोहरी वाढवली आणि डाग तळहाताएवढा झाला. तिने कंबरभर मोहरी शिवली, तर कंबरभर फोड आले. रेवणप्पाची झोप उडाली. तो बसने जाऊ लागला, काशप्पाच्या डब्याला शिवेना. गंमत म्हणजे काशप्पाही आता दूर बसायचा आणि नजर चुकवायचा. चोराच्या मनात चांदणं, रेवणप्पाला आणखी पुरावा नको होता. आता हे फोड छातीवर चढणार आणि आपण मरणार, याची त्याने खूणगाठ बांधली.

"मुकादमकी गेली चुलीत," रविवारी सकाळी तो म्हाळसाला म्हणाला. "जीव हाय तर सगळं हाय. चल, त्येचे पाय धरू."

दार काशप्पाच्या बायकोने, चन्नव्वाने उघडलं. या दोघांना पाहून ती भिंतीला चिकटली. काशप्पा बाजेवर लुंगी नेसून, अंग आखडून बसला होता.

"काशप्पा," रेवणप्पा म्हणाला, "मुकादमकी तू घे. पर हे माघारी घे." आणि त्याने सदरा वर केला.

काशप्पाने ते फोड पाहिले. मग उठला आणि लुंगी जरा खाली सरकवली. त्याच्याही कमरेभोवती तसेच फोड होते.

"म्या समजलो तूच करायलास," काशप्पा म्हणाला.

"म्या कामून करू?"

"साहेब झालास. आता जुनी माणसं हाकलणार, असं वाटलं."

नवऱ्यांना काहीच उमगलं नव्हतं. बायका मात्र एकमेकींकडे बघत होत्या.

"अक्का," म्हाळसाने हळूच विचारलं, "तू किती शिवलीस?"

"मूठभर."

"राजूबाईची?"

"व्हय."

"काय शिवलं?" दोघे नवरे एकदम म्हणाले.

चन्नव्वाने दोरीवरची पॅन्ट काढून शिवण उसवली. घामाने भिजून वाळलेला पिवळट भुगा जमिनीवर सांडला. रेवणप्पाने वास घेतला.

"आईच्या गुडघ्याला वाटून लावायचो तीच की ही," तो म्हणाला. "जरा येळ जास्त ठिवली की कातडी सोलायची."

मग मात्र हसून हसून चौघांच्या डोळ्यांत पाणी आलं. फोडांमुळे दोघांना धड हसताही येत नव्हतं. बायकांनी सगळ्या शिवणी उसवल्या आणि मोहरी उकिरड्यावर टाकली. निघताना काशप्पा म्हणाला, "उद्या गाडीवर ये, रेवण्या." इतक्या दिवसांनी आपलं जुनं नाव ऐकून रेवणप्पाला भरून आलं.

दुपारभर तो आनंदात होता. दिवस कलला तशी त्याला हुरहुर लागली. डाग मोहरीचे होते, हे कबूल. पण मोहरी नसती तर काय काय झालं असतं, हे कोणी सांगावं? आणि आता तर अंगावर पहाराच नव्हता.

तो मागच्या गल्लीने राजूबाईकडे गेला.

"चिमूटभर दे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "या खेपेला टोपीत शिवतो. म्हाळसाला सांगू नकू."

"न्हाई सांगत," राजूबाई पुडी बांधत म्हणाली. "आत्ताच काशप्पा बी असंच बजावून गेलाय."