उमरावची माती आणि जमीनदाराची मोटार

उमराव कापगते मोटार घेणार, ही बातमी फुटली तेव्हा निम्म्या गावाला मोटार काय असते ते ठाऊक होतं, आणि उरलेल्या निम्म्याला उमराव काय चीज आहे ते ठाऊक होतं. काळजी दोघांनाही सारखीच वाटली!

"इंजन म्हंजे असते का?" उमराव ओट्यावर बसून साऱ्यांना समजावत होता. "पोटात आग अन् भवताल पानी! आगीचं मी नाही सांगत. पन पान्याच्या कामात या उमरावले फसवनारा अजून पैदा नाही झाला!"

पाण्याबद्दल बोलायचा त्याला हक्क होता. तो कोहळी, पिढ्यान्‌पिढ्या तळी बांधणाऱ्या जातीतला. त्याच्या पणज्यानं बांधलेल्या तळ्याची पाळ अजून टिपूस गळत नव्हती. कुठं पाणी झिरपताना दिसलं की उमरावचे हात शिवशिवायचे. मग तळं कोणाचं, हेही तो विचारायचा नाही.

मालगुजाऱ्या, म्हणजे सारावसुलीची जुनी वतनं, जाऊन चार वर्षं झाली होती आणि जमीनदारांच्या मोटारी एकेक करून बाजारात येत होत्या. ही मोटार गोंदियाकडच्या एका जमीनदाराची. अमेरिकेची, लांबलचक, गादीवर बसलं की माणूस कमरेपर्यंत आत जाणारी. तिच्या बदल्यात त्याचे दिवाणजी ईश्वरदास यांना पैसे नको होते. त्यांना उमरावची बैलजोडी हवी होती.

ही जोडी म्हणजे शांतीबाईचा जीव. आई मेलेली दोन वासरं तिनं कण्यांची पेज पाजून वाढवली होती. आणि सौद्याचं तिला कधी कळलं? सकाळी जोडी दावणीवरून सुटली तेव्हा! ती रडली नाही, ओरडली नाही. गुपचूप जोडीच्या मागं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मीबी येतो. पाहू तं द्या, माह्या बैलाच्या बदल्यात का आनून राहिले ते."

सौदा अर्जुनीच्या स्टेशनाबाहेर झाला. पंच म्हणून बकाराम होता. बैलबाजारात त्याचा शब्द शेवटचा. त्यानं मोटारीला एक फेरी मारली, इंजिनावरच्या टपाखाली डोकं घातलं, दात सापडले नाहीत म्हणून नाराज झाला आणि बाजाराचाच कायदा सांगितला.

"सांजची गाडी येतवरी चालवून पाहा. नाही पटली तं वापस. पन दोन गोष्टी. इकनाऱ्यानं खोड लपवायची नाही. अन् घेनाऱ्यानं जनावराले औषध करायचं नाही. औषध केलं का जनावर त्याचं!"

"मंजूर!" ईश्वरदास आपला पांढराशुभ्र कोट सारखा करत म्हणाले. "सिर्फ बारा हजार मील चली है, उमरावजी. मीटर देख लो. दुल्हन है, दुल्हन!"

सांजच्या गाडीला बैलांसाठी डबा लागायचा होता. जोडी लिंबाखाली बांधली गेली. शांतीबाईनं दोघांच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती मोटारीत अशी बसली, जशी कोणाच्या मयतीला निघाली आहे.

दिवाणजींचा ड्रायव्हर खुशाल यानं मोटार उमरावच्या गावापर्यंत आठ मैल नेली. चढाला ती खोकली, उताराला तिनं निळा धूर सोडला. "थंडी आहे ना," खुशाल म्हणाला. ऊन मी म्हणत होतं! बकाराम मात्र मागच्या गादीवरून शांतपणे म्हणाला, "याले दमा आहे."

घरी पोचल्यावर खुशाल हातपाय धुवायला विहिरीवर गेला. उमराव मोटारीभोवती फिरत राहिला आणि त्याला तो आवाज आला. टप्. टप्. टप्. इंजिनाखालच्या धुळीत पाणी पडत होतं!

पुढं काय झालं ते उमरावलाही नीट सांगता येत नाही. म्हणजे टप उघडलेला त्याला आठवतो. नळीचा सांधा पाझरताना दिसला, तेही आठवतं. त्यानंतर एकदम त्याच्या हातात तळ्याची काळी माती, कोंडा आणि धोतराची चिंधी होती, आणि सांध्यावर मुठीएवढा गोळा बसलेला होता. पाणी बंद! त्यानं हात पुसले आणि मोठ्या समाधानानं तो जेवायला आत गेला.

आत शांतीबाई खुशालच्या ताटात मरळ माशाचा रस्सा वाढत होती. तिसऱ्यांदा! तिनं गोड आवाजात विचारलं, "भाऊ, बाराच हजार मैल चालली का हो ही?"

पोट भरलेला माणूस खोटं बोलायचा आळस करतो. खुशाल बोटं चाटत म्हणाला, "बाई, मीटरले घरंच पाच आहेत. नव्यान्नव हजार झाले का पुन्हा शून्यावर येते. बारा हजार हे दुसऱ्या फेऱ्यातले."

उमरावचा घास तोंडातच राहिला.

"म्हंजे एक लाख बारा हजार?"

"दोन वेळा इंजन खोललं. तेल तं असं पेते, जसं आपन ताक पेतो. बेअरिंगी आता वाजून राहिल्या. पन गादी पाहा गादी, मस्त आहे!"

शांतीबाई शांतपणे उठली. "चला. मोटार वापस, बैल घरी."

"चला!" उमराव म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याला आपल्या हाताच्या नखांतली काळी माती दिसली. शेजारी जेवणाऱ्या बकारामलाही दिसली.

"उमराव," खुशाल हात धुवायला उठल्यावर बकाराम हळूच म्हणाला, "तू त्याले औषध तं नाही केलं ना गा?"

उमरावनं मान खाली घातली. बकाराम कपाळावर हात मारून म्हणाला, "मंग मोटार तुही! लाखाची गोष्ट खुशाल मालकासमोर कबूल करनार नाही, अन् मीटर तं बाराच हजार दाखवते. मी पंच आहो. दिवानजीनं पाह्यलं तं मले खोटं बोलता येनार नाही."

शांतीबाईचे डोळे भरून आले. वीस वर्षांच्या संसारात उमरावनं ते फार वेळा पाहिलं नव्हतं. हात तुटले असते तरी बरं, असं त्याला खरंच वाटलं.

आता एकच उपाय होता. स्टेशन येण्याआधी गोळा काढायचा! निम्म्या वाटेत उमरावनं लघवीचं निमित्त करून मोटार थांबवली, आडोशाला म्हणून गेला आणि वळसा घालून मोटारीखालून इंजिनाशी पोचला. इंजिनाच्या भट्टीत गोळ्याची वीट झाली होती! त्यानं ओढला, बोटं भाजली. दगड मारला, दगड फुटला. ज्या घराण्यानं दीडशे वर्षं पाणी गळू दिलं नाही, त्याचा वारस हात जोडून म्हणत होता, "गळ बापा, आतातरी गळ!"

गोळा ढिम्म!

"आज गंमतच आहे," मोटार पुढं काढताना मागची कोरडी धूळ पाहून खुशाल खूश होऊन म्हणाला, "कधी नाही ते आज गाडी गळून नाही राहिली!"

पुढच्या चार मैलांत इंजिन आतून गुरगुरायला लागलं. टपाच्या फटींतून वाफ निघायला लागली. मोटार स्टेशनाबाहेर येऊन थांबली तेव्हा छोट्या लाईनीची गाडी फलाटाला लागलेली होती, आणि एक हमाल बैलांची दावी सोडत होता.

"थांब!" शांतीबाई मोटार पुरती थांबायच्या आतच उतरून धावली आणि दाव्याला लटकली.

"दिवानजी, मोटार नाही पटली," उमराव म्हणाला.

ईश्वरदास हसले. "कोई बात नहीं. मगर पहले हम देखेंगे. बकारामजी, आइए." त्यांनी टप उघडला. गोळा समोरच होता, मुठीएवढा, स्पष्ट. दिवाणजींचा चेहरा खुलला. "ये मिट्टी किसने लगाई?"

बकारामनं घसा खाकरला. हमालानं दावं ओढलं. शांतीबाईनं उलट ओढलं. ईश्वरदास गोळा जवळून पाहायला वाकले आणि बोट दाखवून म्हणाले, "सौदा पक्का! दवा तो—"

फट्!

इंजिनाच्या पोटातून एक काळं ढेकूळ उडालं. त्याच्या मागोमाग दुसरं! गंजलेल्या, उकळत्या पाण्याची चिळकांडी उघड्या टपावर आपटली आणि तिथून दिवाणजींच्या पांढऱ्या कोटावर उतरली. ते "अरे मर गया!" म्हणत थेट लिंबापर्यंत मागं गेले.

बकारामनं जमिनीवरचं ढेकूळ काडीनं उलटलं. साबण, सुतळी आणि वरून इंजिनाचा काळा रंग! उमरावनं एक वाट इतकी पक्की बुजवली होती, की कोंडलेल्या पाण्यानं दुसऱ्या वाटा शोधल्या होत्या.

"हे कोनाचं औषध होय गा?" बकारामनं खुशालला विचारलं.

खुशालनं आभाळाकडे पाहिलं. "मले दिवानजीनं सांगतलं, मी लावलं. परवाच."

"खोड लपवली परवा, औषध झालं आज!" बकारामचा आवाज बैलबाजारात चढतो तसा चढला. "आधी लबाडी तुमची. सौदा तुटला! सोड रे दावं!"

हमालानं दावं सोडलं आणि जोडी शांतीबाईच्या अंगावर आली. एका बैलाच्या मानेला मिठी मारून ती तिथंच, सगळ्या स्टेशनासमोर ढसाढसा रडली. उमरावनंही डोळे पुसले. पुसता पुसता त्याची नजर टपाखाली गेली. त्याचा गोळा जागेवर होता. टिपूससुद्धा नव्हतं!

खंडी दोन खंडी धान न्यायची एक बंडी, म्हणजे बैलगाडी, बकारामनं कोणाकडून तरी मागून आणली. जोडी जुंपून तिघं घराकडे निघाले. दोन मैल गेल्यावर उमरावला राहवेना.

"पन काही म्हना, सांधा पक्का बुजला होता! अमेरिकेचं इंजन, अन् माती आपली. सारं फुटलं, माह्यावाला नाही फुटला!"

बकाराम हुंकारला. शांतीबाई कासरा धरून पुढं पाहत होती.

"एवढा हात बसला आहे तुमचा," ती सावकाश म्हणाली, "तं उद्या जरा चुलीवरचं छप्पर पाहा. तीन पावसाळे झाले, वरनात पानी गळून राहिलं!"