चौतीस नंबरचा पिच्छा

माझ्या जागेत छोटा पास झेलून कुणी पळून दाखवावं! अख्ख्या वेस्ट टेक्सासला सांगत फिरायचो मी हे. मी आमच्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा लाइनबॅकर, म्हणजे बचावातला गडी. समोरच्या टीमच्या मागच्या फळीतला एखादा गडी बॉल न घेताच हळूच बाजूला सटकतो, आपण बेसावध, आणि फेकणारा अलगद त्याच्या हातात बॉल सोडतो. त्या गड्याला गोचिडासारखं चिकटायचं, हे माझं काम. आणि मी चिकटायचो!

घोळ झाला होमकमिंगच्या, म्हणजे शाळेच्या जत्रेसारख्या सणाच्या शुक्रवारी. वर्षातली सगळ्यात मोठी मॅच. त्या दिवशी आमच्याकडे मुलगा आपल्या आवडत्या मुलीला शेवंतीचं कापडी फूल देतो. फूल कसलं, ताटाएवढं प्रकरण! गुडघ्यापर्यंत रिबिनी, घंट्या, मधोमध टेडी बेअर. ते छातीवर लावून पोरगी दिवसभर शाळेत किणकिणत फिरते आणि मॅचनंतरच्या नाचाला त्याच मुलाबरोबर जाते. माझ्या वर्गातल्या मार्लिससाठी मी आणि आईने तीन रविवार खपून एक बनवलं होतं. मार्लिसला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

सकाळी आठला मार्लिस आलीच किणकिणत! आणि रिबिनी लाल! आमचा रंग निळा. लाल म्हणजे शेजारचं गाव ड्राय फोर्क, ज्यांच्याशी आज मॅच!

"कुणी दिलं गं?"

"आहे एक. त्यांच्या मागच्या फळीत खेळतो." आणि लाजली! पार कानापर्यंत!

मागच्या फळीतला म्हणजे रॉइस टॅकेट. चौतीस नंबर. सहा फूट उंच, कुरळे केस, दर आठवड्याला पेपरात फोटो. दुसरं कोण असणार?

मॅचआधी कोच हॅस्केल म्हणाले, "वेस्ली, तुझ्या बाजूने जो बाहेर येईल तो तुझा. नंबर बघू नकोस, जागा सांभाळ."

"हो सर!" म्हटलं आणि नंबर बघितला.

रॉइस डावीकडे, मी डावीकडे. रॉइस उजवीकडे, मी उजवीकडे. बॉल मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, तरी मी त्याच्याच उरावर. तो लेस बांधायला वाकला, मीही वाकलो! तो पाणी प्यायला त्यांच्या बाकाकडे निघाला, तर मी दोन पावलं मागे.

"काय रे, तुलाही तहान लागली का?"

"मला सगळं माहितीये!"

"काय माहितीये?"

"गप्प बस!"

त्यांचा कोच हे बघत होता. बघून हसला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शेवटचं मिनिट. आम्ही चार गुणांनी पुढे. रॉइस बाणासारखा सुटला कडेला. मी त्याच्या मागे. आमचा हर्नान बोंबलला, "वेस, जागा सोडू नको! अरे, तो जाड्या!"

जाड्या म्हणजे ओटिस ब्रूबेकर. त्यांच्या मागच्या फळीतला दुसरा. एकशे वीस किलो. रॉइससाठी माणसं ढकलून वाट करायची, एवढंच त्याचं काम. मी सोडलेल्या जागेत तो एकटाच उभा, शेतात विसरलेल्या ट्रॅक्टरसारखा. बॉल अलगद त्याच्या हातात आला. गडी धावलासुद्धा नाही. चालत गेला! टचडाउन! एका फटक्यात सहा गुण! मॅच गेली!

आमच्या निळ्या गर्दीत सगळे डोकं धरून बसलेले. एकच पोरगी उड्या मारत होती, घंट्यांचा नुसता खणखणाट. "ओटिस! ओटिऽऽस!" मार्लिस!

मी रॉइसकडे बघितलं. "म्हणजे मार्लिसला फूल तू नाही दिलंस?"

"मार्लिस कोण?" त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मित्रा, तू बरा आहेस ना?"

तेवढ्यात ओटिस धापा टाकत आला. "थँक्यू हं. चार वर्षांत मला कुणी बॉलच फेकला नव्हता. तिकडे आई रडतेय माझी. तू जागा दिलीस म्हणून झालं रे!" आणि मला घट्ट मिठी मारली.

मागून मार्लिस पळत आली. "बघ वेस, किती गोड आहे ना!"

आता एवढ्या भल्या माणसावर जळायचं तरी कसं, सांगा!

जमतं पण. रोज सकाळी उठून जळतो.