चालवणाऱ्यांनी संपर्क साधू नये

वस्तू विकणे म्हणजे ती दुसऱ्याला देणे, असा एक अपसमज समाजात खोलवर रुजलेला आहे. जबाबदार विक्रेता असा उतावळेपणा करीत नाही. तो आधी ग्राहकाची पात्रता तपासतो.

दंतवैद्यांनी आपली सेडान विकायला काढली, ती याच शिस्तीने. गाडी नऊ वर्षांची, ताशी अडीचशे धावणारी. (प्रत्यक्षातला उच्चांक बासष्ट, तोही उतारावर, मागून वारा असताना.) बोनेट उघडताना ते सवयीने ‘आ करा’ म्हणत. टायरमधल्या हवेच्या रोजच्या नोंदींनी सहा वह्या भरल्या होत्या. सातवी वही मुळात पत्नीच्या रक्तदाबासाठी आणलेली. पण टायर चार आणि पत्नी एक, त्यामुळे बहुमताने ती तिकडे गेली.

विक्रीचे कारण पत्नीचे, म्हणजे गल्लीच्या वहिनींचे, गुडघे. गाडी जमिनीला इतकी लगटून, की शस्त्रक्रियेनंतर वहिनींना आत बसवायला एक आणि बाहेर काढायला दोन माणसे लागत. म्हणून त्या व्यायामाला शेजारच्या भाजीवाल्याच्या टेंपोतून जात आणि गाडी घरी विश्रांती घेई. ही गेली की उंच गाडी आणायची, असे ठरले होते. ठरून पाच महिने झाले होते.

या काळात सतरा ग्राहक नापास झाले. नऊ जणांनी नमस्काराच्या आधी ‘शेवटचं किती?’ विचारले. पाच जणांनी दार आपटले. दोघांनी टायरला लाथ मारून पाहिली. एक सज्जन शेवटपर्यंत टिकले होते. पण ‘गाडी कशासाठी हवी?’ या प्रश्नाला ते ‘चालवायला’ म्हणून गेले.

“अहो, गाडी विकताय की दत्तक देताय?” वहिनींनी टेंपोतून विचारले.

“दत्तक देणारे घर बघतात. मी फक्त बोटं बघतो.”

“बघत बसा. पुढच्या महिन्यात हे भाऊ टेंपो विकून दुकान टाकतायत. मग मी गाजरांबरोबरसुद्धा जायची नाही.”

चारच दिवसांत अठरावे ग्राहक आले. पेशाने ग्रंथपाल. त्यांनी बूट बाहेर काढले, दार दोन बोटांनी लावले आणि हळूच विचारले, “हिला ऊन सोसतं का हो?”

दंतवैद्यांनी खुर्ची पुढे केली. “किती चालवाल?”

“अगदीच वेळ आली तर. एरवी झाकून ठेवीन.”

कागद तिथेच झाले. घाम पुसायला ग्रंथपालांनी रुमाल काढला, तशी एक चिठ्ठी खाली पडली. अक्षर ओळखीचे होते. ‘दार दोन बोटांनी. ऊन विचारा. हवा बत्तीस. चालवणार म्हणू नका. पुसायला मऊ फडकं घ्या, त्यांना कळतं.’

दंतवैद्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. खिशातले पेन काढून बत्तीसचे तेहेतीस केले आणि ती किल्लीसोबत ग्रंथपालांच्या हातात दिली.

वहिनी आता उंच गाडीतून व्यायामाला जातात. उतरायला कोणी लागत नाही.

सेडान शेवटी कितीला गेली, ते इथे मुद्दामच दिलेले नाही. वाचताना ज्यांच्या मनात हा प्रश्न एकदा तरी येऊन गेला, त्यांनी वरचा पहिला गट पुन्हा पाहावा. तिथे नऊ जण आहेत. दहावी जागा आपली.