शुक्रवारचं पाकीट

जावक विभागातल्या बाईंच्या टेबलावरची सात पाकिटं नाहीशी झाली, तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांनी खण उपसला, पर्स पालथी केली, शेजारच्या टंकलेखिकेला खुर्चीवरून उठवून खुर्चीखाली पाहिलं.

"काय हरवलं हो बाई?"

"केस," बाई म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली.

"कुणाचे?"

"माझे! हळू बोल ना गं."

महिनाभर बाईंचे केस मूठमूठ गळत होते. कारणं सांगायला सगळं जग एका पायावर तयार. जाऊ म्हणाली, पाणी जड आहे. बहीण म्हणाली, अंबाडा घट्ट बांधतेस. नवरा म्हणाला, "तू विचार फार करतेस," आणि त्यावर बाईंनी चार दिवस विचार केला. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आठवडाभर गळलेले केस रोज वेगळ्या पाकिटात घालून आणा. बाईंनी ऑफिसच्या शिस्तीत पाकिटांवर वार घातले. आज संध्याकाळी दवाखान्यात जायचं होतं.

"वार घातलेली पाकिटं होय?" शिपाई म्हणाला. त्याला सगळे लगबग्या म्हणत. "मॅडमना दिली की. त्यांनी आठवड्याचा अहवाल रोजचा वेगळा मागितलाय ना? मी वार बघितले आणि नेऊन ठेवली."

बाई मटकन बसल्या. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या हातचा एक कागद चुकीच्या टेबलावर गेला नव्हता. ऑफिसात त्यांना जो काही मान होता, तो तेवढ्यावरच. आणि आत नव्या मॅडम चार विभागप्रमुखांना घेऊन बसल्या होत्या.

"जा, परत आण!"

"मीटिंग चाललीय बाई."

"मग फटीतून बघ तरी."

लगबग्यानं दाराला डोळा लावला. "सोमवार उघडला."

"मग?"

"नुसत्या बघतायत. आता मंगळवार."

"पंखा चालू आहे का रे?"

"पाचावर."

"अगं आई गं! शुक्रवार तेवढा नको. शुक्रवारी न्हाले होते मी!"

"शुक्रवारच घेतलाय हातात. जाड दिसला असेल."

आत कुणीतरी खोकलं. मग चारही विभागप्रमुख बाहेर आले. लेखापाल चष्म्याच्या दांडीत अडकलेलं काहीतरी ओढून काढत होते. ते निघता निघेना. पाठोपाठ घंटी वाजली.

बाई आत गेल्या. मॅडमनी उठून दार लावून घेतलं आणि पंखा बंद केला.

"हे तुमचे?"

"हो मॅडम. चूक झाली. लेखी माफी देते."

"माफीचं राहू द्या. डॉक्टर काय म्हणाल्या?"

बाई गोंधळल्या. "रक्त तपासा म्हणाल्या, थायरॉइड बघा. पण आज गळणाऱ्या केसाचं कारण बहुतेकदा आजचं नसतं म्हणे. दोन-तीन महिने मागे जाऊन बघायचं. बाळंतपण, आजारपण, खाण्याची आबाळ, जिवाला घोर. मी तेव्हा तापानं तीन आठवडे अंथरुणात होते. त्याचेच हे असावेत म्हणे. येतात परत."

मॅडमनी खणातून एक फुगलेलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "माझे. एका दिवसाचे." मग बोटांवर महिने मोजले. "तीन महिन्यांपूर्वी मला ताप नव्हता हो. आजारपण नाही, काही नाही. फक्त इथे बदलून आले."

दाराबाहेर चौघे विभागप्रमुख एका हरवलेल्या फायलीवरून एकमेकांवर ओरडत होते.

बाई ताडकन उठल्या आणि दार उघडून बाहेर आल्या.

"उद्यापासून सगळ्यांनी वेळेवर यायचं," त्या म्हणाल्या. "आणि हळू बोलायचं."

"का पण?" लेखापालांनी विचारलं.

"मॅडमचे उरलेत तेवढे तरी टिकायला हवेत म्हणून," बाई म्हणाल्या. पण काय टिकायला हवं, ते मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही.