विंटलफर्डचा ऐतिहासिक बाजार

साता समुद्रांपलीकडे, विलायतेतल्या एका जंगलात, बाळांनो, विंटलफर्ड नावाचं टुमदार बाजारगाव होतं. नदी तेवढ्या एकाच जागी गुडघाभर होती, म्हणून गाड्या तिथूनच पलीकडे उतरत. उतरल्या की थांबत, थांबल्या की सगळ्यांना भूक लागे. असा तिथे बाजार भरू लागला.

सातशे वर्षांपूर्वी सिंहमहाराज शिकारीत वाट चुकून तिथे आले, मटणाची तंगडी खाऊन खूश झाले आणि त्यांनी दर गुरुवारच्या बाजाराची सनद दिली. मटण कोणाचं, हे विचारायचं नाही.

चौकातल्या दगडी खांबाच्या पायरीवर विनिफ्रेड मेंढी आपल्याच लोकरीचे मोजे विकायची. तिची आई, आजी, पणजी तिथेच बसत. त्या पायरीवर तिचा भारी जीव.

मग गावात वारसा जतन समिती निघाली. अध्यक्ष सर हंफ्री बोकड. त्यांना दिसलं की दुकानांमुळे चौक नीट दिसत नाही. बुधवारी त्यांनी पाटी ठोकली : 'येथे ऐतिहासिक बाजार भरतो. माल मांडण्यास मनाई.'

विलायतेतली जनावरं फार शहाणी. पाटीपुढे त्यांनी शिस्तीत रांग लावली, एकेकानं वाचली आणि हवेबद्दल बोलत घरी गेली. विनिफ्रेड रडली. मग मोज्यांची टोपली घेऊन पायरीशेजारी नुसती उभी राहिली.

गुरुवारी सनदवाचनाचा वार्षिक सोहळा होता. मोकळ्या चौकात सर हंफ्री सनद वाचू लागले. आजवर दर वर्षी निम्म्यावर जेवणाची वेळ होई. यंदा दुकानंच नव्हती, तर खायचं काय? म्हणून ती प्रथमच शेवटपर्यंत वाचली गेली.

"...आणि एखाद्या गुरुवारी बाराच्या आत खांबापाशी काहीच विकलं गेलं नाही, तर बाजार कायमचा नदीपलीकडच्या ऑक्सवेलला जाईल."

सर हंफ्रींनी घाईघाईनं नदीकडे पाहिलं. काठावर ऑक्सवेलची डुकरं रिकाम्या गाड्या घेऊन उभी होती. त्यांनी सनद आधीच वाचली होती.

बाराला दोन मिनिटं कमी.

"विनिफ्रेडबाई, काहीतरी विका हो!"

"मनाई आहे ना? मी पाटी दोनदा वाचली."

सर हंफ्रींनी शिंगांनी पाटी उखडली. विनिफ्रेड सावकाश पायरीवर बसली, पदर सारखा केला आणि त्यांना एक मोजा विकला. तेवढ्यात बाराचे ठोके पडले. डुकरं गाड्या वळवून चालती झाली.

"अहो, पण मला पाय चार आहेत!" सर हंफ्री म्हणाले.

"दिसतंय की. आता मी दर गुरुवारी एकच विकते. पुढच्या गुरुवारी या. मी इथेच बसलेली असेन."

तात्पर्य : बाळांनो, आपला वारसा प्राणापलीकडे जपावा, पण तो शेजारच्या गावाला मिळेल अशी धास्ती पडेपर्यंत घाई करू नये.