धा मिनिटं फुडं

“सून गुणाची हाय वो, पर लई सावकाश. ते घड्याळ धा मिनिटं फुडं सारून ठेवा. तिला नका सांगू.”

अक्कम्मांनी नवऱ्याला हे हळूच सांगितलं खरं, पण अक्कम्मांचं हळूच म्हणजे कमलनगरच्या बसस्टँडवर ऐकू जावं इतपत. दाराआड भाकरी थापणाऱ्या नेत्रावतीनं ते ऐकलं. तेवढ्यात तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती वळली, आणि महादेवप्पांचं उत्तर ऐकायचं राहून गेलं. (ऐकायची गरजही नव्हती. त्या घरात अक्कम्मांनी सांगितलं की ते झालेलंच असे.)

लग्नाला दीड महिना झाला होता. नेत्रावती बोलायची कमी, बघायची जास्त. आणि तिला दिसत होतं ते असं, की उशीर भाकरीमुळं होतच नव्हता. तो व्हायचा नवऱ्यामुळं. शिवकुमार खाजगी कॉलेजात क्लार्क. बीदरला दोन दिवसांचं वेळेच्या नियोजनाचं ट्रेनिंग करून आला आणि रोज सकाळी तीन रंगांची पेनं घेऊन यादी लिहायला बसू लागला. तातडीचं लाल, महत्त्वाचं निळं, उरलंसुरलं हिरवं. यादीत पाऊण तास जायचा. मग त्याच यादीत ‘यादी लिहिणे’ असं लिहून त्यापुढं बरोबरची खूण! शिवाय घरातले सगळे मोबाइल रात्री नऊ ते सकाळी नऊ कुलपाच्या पेटीत. सकाळ मेंदूची असते म्हणे. त्यामुळं सकाळी वेळ सांगायला उरलं ते स्वयंपाकघराच्या दारावरचं एकच घड्याळ.

नेत्रावती मनातल्या मनात त्यातून दहा मिनिटं वजा करू लागली. आठवड्यानं शिवकुमार तिच्या कानाशी लागला.

“नेत्रा, मी घड्याळ पंधरा मिनिटं फुडं केलंय. अप्पा-अम्माला बोलू नको. त्यांच्यामुळंच मला लेट व्हायलंय.”

तिनं मान हलवली आणि पंचवीस वजा करू लागली. (शिवकुमार अर्थातच स्वतःपुरते पंधरा वजा करायचा.)

असं सुरळीत चाललं असताना बीदरहून पत्र आलं. गणिताच्या शिक्षिकेची जागा, अकरा वाजता मूळ कागदपत्रांसह हजर. नाही पोचली तर तिचं नाव कापून यादीतल्या पुढचीला बोलावणार. बस साडेआठची, असं शिवकुमारनं दहादा बजावलं होतं. त्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी उठली, डुगडुगत्या स्टुलावर चढली आणि काटे पंचवीस मिनिटं मागं फिरवले. आज तरी या घरात खरी वेळ असू दे!

आठ वाजले. ती साडी नेसून, फाइल छातीशी धरून उभी. शिवकुमार बनियनवर, निळ्या पेनाचं टोपण शोधतोय.

“अवो, निघू या की.”

“टैम हाय अजून. कामून घाई करायलीस?” त्यानं घड्याळाकडं बघून तिला डोळा मारला.

आता काय सांगणार? खरं बोलावं तर नवऱ्याचं गुपित सासूसमोर फुटतंय, आणि सासूचं आपण चोरून ऐकलं होतं हे सासूला कळतंय. ती फाइल घेऊन दारापर्यंत गेली आणि परत आली.

आठ पाच. महादेवप्पा पूजा उरकून, कपाळभर विभूती लावून, चहाला येऊन बसले. अक्कम्मा म्हणाल्या, “बस कुठं पळून जायली? बसून दोन घास खा.”

आठ दहा. आठ पंधरा. शिवकुमारनं शांतपणे लिहिलं, ‘नेत्राला स्टँडवर सोडणे.’

हिरव्या पेनानं.

“घड्याळ खरं हाय!” नेत्रावती अशी ओरडली की महादेवप्पांचा चहा बशीत आला. “मी पहाटंच पंचवीस मिनिटं मागं केलंय! तुमचे पंधरा, अम्मांचे धा!”

“तुझे पंधरा?” अक्कम्मा लेकाकडं वळल्या.

“तुझे धा?” लेक आईकडं वळला. मग दोघंही महादेवप्पांकडं.

“माझ्याकडं काय बघायलाव? म्या कुठं सारलं? ते स्टूल हलतंय, माझ्यानं व्हणार न्हाई, असं मी तवाच म्हणलो की. तू ऐकतीस कुठं?”

शिवकुमारनं पेटी उघडली. भिंतीवर आठ पंधरा, मोबाइलवर आठ पंचवीस. नेत्रावतीनं हिशेब केला. स्टँड गाडीवर दहा मिनिटं. बस गेली, नोकरी गेली.

“न्हाई गेली,” शिवकुमार पेनांकडं बघत पुटपुटला. “बस आठ पन्नासची हाय. तुला वीस मिनिटं आधीची सांगितली. बफर ठेवा म्हणले होते ट्रेनिंगमधी.”

तो शर्टाची बटणं लावत गाडी काढायला पळाला. अक्कम्मा मात्र दारात तशाच उभ्या.

“पर माझ्या धा मिनिटाचं तुला कसं ठाव?”

नेत्रावती गाडीवर बसली, फाइल मांडीवर घट्ट धरली, आणि त्या तिघांना ऐकू जाईल असं बोलली.

“भाकरी थापताना ऐकलं, अम्मा. अप्पांचं उत्तर तेवढं राहिलं ऐकायचं. तुम्ही म्हणला तवा मी सावकाश नव्हते. त्या दिवसापासून रोज न सारलेली धा मिनिटं वजा करून करून सावकाश झाले. आणि आता निघालेय गणित शिकवायला.”