गुरुजी, मधात बोलू का?

कोणत्या मुलाने कोणते विषय घ्यावेत, हे मी चहाचा कप खाली ठेवायच्या आत सांगू शकतो! ही फुशारकी नाही. आंजीतल्या अर्ध्या गावाला मी पाढे शिकवले आणि उरलेल्या अर्ध्याला त्यांच्या आयांनी माझे नाव सांगून शिकवले. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, पण संध्याकाळी माझ्या ओसरीवर पोरे येतातच. मी शिकवतो, ती शिकतात आणि आतून सून म्हणते, "बाबा, निदान श्वास घेण्यापुरते तरी थांबत जा!"

माझ्या वर्गाचा नियम एकच. गुरुजी बोलत असताना मधात बोलायचे नाही. शंका आली तर हात वर करायचा आणि गुरुजींचे वाक्य संपेपर्यंत थांबायचे. आता माझे वाक्य कधी संपते, हा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारणार कसे? हात वर असतो!

या नियमाने मला एकदा पार बुडवले. अगदी घोट्यापर्यंत!

त्याचे झाले असे. माझी विद्यार्थिनी खुशी दहावी उत्तम पास झाली. तिचा बाप नत्थू भाजीवाला शेतकरी, गावाच्या कडेला त्याची वांग्या-भेंडीची वाडी. तोही माझाच विद्यार्थी. अजूनही मी दारात दिसलो की जेवता जेवता ताटावरून उभा राहतो. अकरावी-बारावीला सायन्स घ्यायचे, हे त्या घरात ठरलेच होते. अडले होते पुढे. खुशीला व्हायचे होते इंजिनिअर. म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायोलॉजीला रामराम ठोकून त्याजागी इलेक्ट्रिकलचा बायफोकल, म्हणजे हातकामाचा जोडविषय. नत्थूचे म्हणणे नेमके उलटे. गणित सोड, बायोलॉजी धर, नर्सिंगला जा!

"अरे, पण गणितात ती वाघीण आहे!" मी म्हणालो.

"वाघीण हाय जी, पण डरकाळी कोठी हाय?" नत्थू म्हणाला. "पोट्टीच्या तोंडातून आवाजच निंघत नाई! बाजारात बसवली वांगे विकाले. एक बाई भाव करून राह्यली, तं हिनं तिले काही म्हटलंच नाई. टोपल्यावर पोतं झाकलं अन् बसली! साईटवर इंजिनेरले माणसांवर ओरडा लागते, गुरुजी. हे ओरडन का?"

"आणि नर्सला ओरडावे लागत नाही?"

"तेथं पेशंटच ओरडते ना जी!"

खुशी दाराशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले. अशी नजर मी ओळखतो. वर्गात उत्तर येत असूनही ज्याला कुणी विचारत नाही, त्या मुलाची ती नजर असते.

"नत्थू," मी छाती पुढे काढून म्हणालो, "उद्या तुझ्या वाडीत ही पोरगी जे करून दाखवेल, ते पाहून तू स्वतः म्हणशील की इंजिनिअरच हो! मी फक्त थोडक्यात प्रस्तावना करीन."

थोडक्यात! ऐकून खुशीचा चेहरा थोडा उतरला होता, हे मला आज आठवते.

तिने वाडीतल्या हौदावर एक युक्ती बसवली होती. तेलाचा रिकामा कॅन पाण्यावर तरंगतो, पाणी वाढले की कॅन वर येतो, कॅनवरची दांडी वर सरकते आणि बटण दाबते. मोटर बंद! हौद भरून वाहायला नको, राखण बसायला नको. बाजारातून आणलेले फक्त बटण, बाकी सगळे घरातले भंगार. पोरीचे डोके म्हणजे डोके!

दुसऱ्या दिवशी सकाळी हौदासमोर पोती अंथरली गेली. नत्थू, त्याची बायको गोपिका, म्हातारी आई रुख्माबाई आणि कारंजाहून आलेला खुशीचा मामा ओमप्रकाश. याचा हायवेवर ढाबा आहे आणि प्रत्येक विषयावर मत आहे. मी शिकवतो तिथे चपला काढून बसायची आमच्या गावाची रीत. मामाचे बूट नवेकोरे, आरशासारखे.

"भाऊ, बूट काढा," नत्थू कुजबुजला.

"काऊन? मंदिर हाय का?"

"गुरुजी हायेत!"

मामाने बूट काढले. मी हौदाकडे पाठ करून उभा राहिलो आणि पाण्यावर वस्तू मुळात तरंगतेच का, इथून सुरुवात केली. दाखवायला हातात वेळूची काठी होती. पहिला मुद्दा संपल्यावर ती मी मागे न बघता कुठेतरी खोचली आणि दोन्ही हात मोकळे केले. एका हाताने मला शिकवता येत नाही.

लगेच खुशीचा हात वर!

"शाबास! शंका येणे ही बुद्धीची खूण. शेवटी विचार."

तिने हात खाली घेतला नाही. तेवढ्यात मोटर घुरघुरली. शेतातली लाइन, म्हणजे वीज, तिच्या मर्जीने येते, म्हणून नत्थूने मोटर ऑटोवर टाकलेली असते. लाइन आली की मोटर आपोआप सुरू. हौदात पाणी कोसळू लागले.

"पाहा, लाइनसुद्धा आज वर्गात वेळेवर आली!" मी म्हणालो आणि दुसऱ्या मुद्द्याकडे वळलो.

थोड्या वेळाने नत्थूचा हात वर झाला. मग गोपिकाचा, दुसऱ्या हातात चहाची किटली. रुख्माबाई शाळेत कधी गेल्याच नाहीत, त्यांनी दोन्ही हात वर केले. माझा ऊर भरून आला! एवढ्या शंका! जन्मात असा वर्ग मिळाला नव्हता!

"सगळ्यांना संधी मिळेल," मी म्हणालो. "आधी दाब म्हणजे काय ते पाहू."

पायांना गारवा जाणवत होता. वय झाले की असे होतेच. मग माझ्या समोरून एक बूट गेला. डौलात, नवरदेवाच्या घोड्यासारखा! मागोमाग नत्थूच्या चपला, जोडीने. वाटले, खुशीने उदाहरणादाखल सोडल्या असतील. काय पोरगी आहे!

"हे पाहा! बूट तरंगतो आहे! का तरंगतो?"

"गुरुजी, तो माहा बूट..." मामा उठू लागला.

"मधात नाही, ओमप्रकाश! हात वर!"

ढाब्यावर ट्रकवाल्यांना दम देणारा माणूस, मुकाट्याने हात वर करून बसला.

वाडीच्या खालच्या अंगाला धुरपताबाईंचे अंगण. तिथे त्यांनी वर्षाची मिरची वाळत घातली होती. फाटकातून त्या वादळासारख्या आल्या. "कोणं सोडलं व पाणी, कोणाच्या..." आणि मी दिसलो. त्याही माझ्याच विद्यार्थिनी! वादळ जागच्या जागी थांबले. त्यांनी हात वर केला. मुठीत ओल्या मिरच्या, कोपरापर्यंत लाल पाणी ओघळते आहे आणि चेहरा पाठ न आलेल्या मुलीसारखा!

अशा रीतीने सगळी माणसे हात वर करून बसलेली, मिरच्या तरंगताहेत, आणि मी दाबाचा नियम सांगतो आहे.

आणि मग आवाज आला.

"गुरुजी, गप्प बसा!"

मी इकडे तिकडे पाहिले. कोण बोलले? खुशी! हौदाजवळच्या धुऱ्यावर, उंच बांधावर उभी, कमरेवर हात!

"पाणी वायरीच्या जोडापाशी पोचून राह्यलं! गुरुजी, कट्ट्यावर चढा! बाबा, आजीले उचला! मामा, बूट राहू द्या, पाय वर घ्या! धुरपता काकू, फाटकाच्या बाहीर व्हा, आत्ता!"

मोटरीच्या वायरीचा जोड दोन विटांवर ठेवलेला होता आणि पाणी दुसऱ्या विटेला टेकले होते. मी तोंड उघडले. "खुशी, असे पाहा..."

"बोलू नका! चढा!"

मी चढलो. आयुष्यात इतका चटकन मी फक्त साहेब तपासणीला आले तेव्हा हललो होतो. खुशी कोरड्या धुऱ्याने धावत खांबापाशी गेली आणि मेन स्विच खाली ओढला. घुरघुर थांबली. दूर कुठेतरी मामाचा बूट कुंपणाला लागून थांबल्याचा हलकासा आवाज तेवढा आला.

मग तिने हौदाकडे बोट केले. पुन्हा नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाली, "गुरुजी, तुमची काठी."

मी वळून पाहिले. वेळूची काठी तिच्या दांडीच्या चौकटीत पाचरीसारखी बसली होती. कॅन बिचारा वर यायला धडपडत होता. तिचे यंत्र बरोबर होते. अडथळा मी होतो!

माझ्या कानशिलांवर मिरची चोळल्यासारखे झाले. आता नत्थू काय म्हणणार? पोरीचे गणित मी बुडवले, इंजिनिअरिंग बुडवले, सगळे माझ्याच प्रस्तावनेत बुडाले!

नत्थू माझ्याकडे पाहतच नव्हता. म्हाताऱ्या आईला दोन्ही हातांवर धरून तो पोरीकडे बघत होता.

"माय, तुनं आयकलं? हे ओरडली!"

"आयकलं ना बाप्पा! सोड मले खाली आता."

"मामाले गप्प केलं, काकूले गप्प केलं, अन्..." त्याने मान माझ्याकडे वळवली, डोळे पाणावलेले. "गुरुजीले गप्प केलं! सरपंचाले जमलं नाई ते पोट्टीनं केलं! साईटवरचे माणसं काय हाय हिच्यापुढं! गणितच घे, खुशी. अन् ते लाइटवालं बी घे."

"बायफोकल," खुशी म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

"माह्या मिरच्या?" धुरपताबाईंनी विचारले. हात अजून वरच!

मग सगळ्यांनी मिळून मिरच्या वेचल्या. मीही वेचल्या, शिंकत शिंकत. धुरपताबाईंनी मला कुंपणाजवळची सगळ्यात घाणेरडी जागा दिली, आणि तरी "गुरुजी, कंबर दुखन तुमची, बसून वेचा," असे म्हणून पाटही दिला. मामाने एक बूट घालून दुसरा शोधला. संध्याकाळी अर्धा हौद उपसला आणि लाइन आली तेव्हा काठी घरी ठेवून आम्ही पुन्हा हौदापाशी जमलो. कॅन वर आला, बटण दाबले गेले, मोटर बंद. एक थेंब सांडला नाही. प्रस्तावनाही नव्हती!

त्या घराचे, त्या गावाचे किती उपकार मानू? मी चुकलो तरी त्यांनी हात वर करून माझी वाट पाहिली. आणि त्यातली एक जण ऐन वेळी वाट पाहत बसली नाही, म्हणून आम्ही सगळे सुखरूप आहोत. शिकवल्याचे याहून मोठे फळ मला ठाऊक नाही.

परवा वर्ध्याला कॉलेजात गेलो. नत्थू, खुशी आणि मी. टेबलामागच्या सरांनी विचारले, "विषय कोणते? आणि बायोलॉजी का सोडायची?"

मी घसा साफ केला. "त्याचे असे आहे, पाण्यावर वस्तू मुळात तरंगते..."

खुशीने हात वर केला. मला वाटले शंका असेल. पण तळहात माझ्याकडे होता, चौकातल्या ट्रॅफिक पोलिसासारखा!

मी बसलो. ती बोलली, स्पष्ट, मोठ्याने, तीनच वाक्ये. सरांनी मान डोलावली आणि काम झाले.

खरे सांगू? माझा तास वेळेवर सुटल्याची ही पहिलीच वेळ!